"बाबा कसे आहेत?": कुलभूषण जाधव खटल्याचा अभ्यास

२५ डिसेंबर २०१७. इस्लामाबादेत पाकिस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या आवारातली एक खोली, मधोमध काच. अलीकडे मुंबईहून आलेली आई आणि पत्नी, पलीकडे कुलभूषण जाधव, पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशीची शिक्षा दिलेले भारतीय. बोलायचं ते इंटरकॉमवरून, तेही तिथल्या अधिकाऱ्यांच्या देखत. आत सोडण्याआधी या दोघींना कपडे बदलायला लावले होते. आयुष्यभर साडीच नेसलेल्या आईच्या अंगावर सलवार-कुडता होता. टिकली, बांगड्या, मंगळसूत्र सगळं उतरवून घेतलं होतं. पत्नीच्या पायातले बूट काढून घेतले, ते परत मिळालेच नाहीत. सोबत गेलेल्या भारतीय उपउच्चायुक्तांना आणखी एका आडोशामागे बसवलं होतं.

तीनच दिवसांनी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी या भेटीचं निवेदन संसदेत केलं. त्यात त्यांनी सांगितलं, की आईचं मोकळं कपाळ आणि मोकळा गळा पाहून जाधवांनी पहिलाच प्रश्न विचारला तो वडिलांबद्दल. बाबा कसे आहेत?

हा प्रश्न का आला, हे मराठी घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे आई मुलाशी मराठीत बोलू लागली, तेव्हा तिला पुन्हा पुन्हा अडवण्यात आलं आणि शेवटी मराठी बोलूच दिलं नाही, असं भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने अधिकृतपणे नोंदवलं आहे. पाकिस्तानचं म्हणणं असं, की कपडे-दागिन्यांचा प्रकार सुरक्षेसाठी होता, बुटात काहीतरी सापडलं होतं, आणि भेट माणुसकीच्या नात्याने घडवली होती. बुटाचा वाद बाजूला ठेवू. सुरक्षेसाठी गळ्यातलं काढून घेता येईल. पण आईच्या तोंडची भाषा काढून घ्यायची गरज का पडावी? अधिकाऱ्यांना मराठी कळत नव्हती, एवढंच त्याचं कारण असू शकतं. मुलगा काय सांगेल ते आपल्याला कळलं पाहिजे, ही अट.

मला हे सगळं प्रकरण या एका अटीत सामावलेलं दिसतं. परमुलुखात पकडलेल्या माणसाचा खटला न्याय्य झाला का, हे तपासताना आपण कायद्याची कलमं, पुरावे, न्यायाधीश यांच्याकडे वळतो. त्याआधी एक साधा प्रश्न आहे: त्याला आपल्या बाजूच्या माणसाशी, आपल्या भाषेत, कुणी कान न लावता बोलता आलं का?

अटक ते फाशीची शिक्षा

जाधव नौदलातले अधिकारी. भारताचं म्हणणं, ते निवृत्त होऊन इराणमधल्या चाबहार बंदरात व्यवसाय करत होते आणि तिथूनच त्यांना पळवून नेलं. पाकिस्तानचं म्हणणं, ते सेवेतच होते, हेरगिरी आणि घातपाताच्या कामावर होते, ३ मार्च २०१६ रोजी बलुचिस्तानात पकडले गेले, आणि त्यांच्याकडे दुसऱ्याच, मुस्लिम नावाचा भारतीय पासपोर्ट होता. या दोन कहाण्यांतली खरी कोणती, हे ठरवायला हा लेख नाही. उलट माझा मुद्दा असा आहे, की ते ठरवण्याची जागा न्यायालय होती आणि ते ठरवण्याची रीतच इथे मोडली. आरोप जितका भयंकर, तितकी रीत काटेकोर हवी. कारण चूक झाली तर ती फासावर जाऊन थांबते.

आता तारखा पाहा. अटक ३ मार्चची. भारताला कळवलं २५ मार्चला, म्हणजे बावीस दिवसांनी. भारताने त्याच दिवशी वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेट मिळावी म्हणून मागणी केली. २९ मार्चला पाकिस्तानने जाधवांच्या कबुलीजबाबाची चित्रफीत जगाला दाखवली. आणि क्वेट्ट्यात एफआयआर नोंदला गेला तो ८ एप्रिलला. म्हणजे कबुली आधी, गुन्ह्याची नोंद नंतर. आपल्याकडे तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्यालाही हा क्रम खटकेल. त्या चित्रफितीत माणूस बोलतो ते खरं की पढवलेलं, हे सांगू शकेल असा एकही तिसरा माणूस त्या दिवसांत त्याला भेटलेला नव्हता.

खटला चालला फील्ड जनरल कोर्ट मार्शलपुढे, म्हणजे लष्करी न्यायालयात, पाकिस्तान आर्मी ॲक्ट १९५२ आणि १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा या दोन्हींखाली. पाकिस्ताननेच नंतर जाहीर केलेल्या तपशिलानुसार चार दिवस कामकाज झालं: २१ सप्टेंबर, १९ ऑक्टोबर आणि २९ नोव्हेंबर २०१६, आणि १२ फेब्रुवारी २०१७. बचावासाठी कायदा शिकलेला एक लष्करी अधिकारी दिला होता, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे आरोप करणारं लष्कर, पुरावा गोळा करणारं लष्कर, निवाडा करणारं लष्कर आणि बचाव करणाराही त्याच गणवेशातला. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करप्रमुखांनी फाशीवर शिक्कामोर्तब केल्याची बातमी आली. भारताने आरोपपत्र मागितलं, निकालपत्राची प्रत मागितली. हाती काही पडलं नाही. आईने अपिलाचा अर्ज दिला, तोही भारतीय उच्चायुक्तालयामार्फत, कारण तिला स्वतः जायला व्हिसा नव्हता. ज्या निकालाची प्रतच पाहिलेली नाही, त्याविरुद्धचं ते अपील होतं.

या काळात भारताने भेटीची मागणी डझनाहून जास्त वेळा केली. पाकिस्तानने २०१७ च्या जानेवारीत उलट भारताकडेच तपासात मदत मागितली, आणि मार्चमध्ये कळवलं, की या मदतीला भारत कसा प्रतिसाद देतो ते पाहून भेटीचा विचार करू. ज्याचा हात दगडाखाली सापडलाय, त्याच्या सुटकेला नव्हे, नुसत्या विचारपूस करायलाही किंमत लावली गेली.

लष्करी न्यायालयांबद्दल शंका फक्त भारताला होती असं नाही. पेशावर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा न्यायालयांनी दिलेल्या सत्तराहून अधिक शिक्षा रद्द केल्या. ते सगळे आरोपी पाकिस्तानचेच नागरिक. कबुलीजबाबांचा साचा एकसारखा आणि बचावाचा वकीलही तोच तो, हे त्या न्यायाधीशांच्या नजरेतून सुटलं नाही. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण मुद्दा राहतोच. स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत, घरचे लोक जवळ असताना ज्यांना न्याय मिळाला नाही असं तिथल्याच न्यायाधीशांना वाटलं, तिथे परक्या माणसाची काय कथा?

हेगमध्ये काय मिळालं, काय नाही

८ मे २०१७ रोजी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. दहा दिवसांत, १८ मे रोजी, अंतिम निकालापर्यंत फाशी देऊ नये असा आदेश एकमताने मिळाला. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेऊन बाजू मांडली, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. नेमका कशावर युक्तिवाद झाला, ते मात्र फार कमी लोक सांगू शकतील, आणि खरी गोम तिथेच आहे.

आधार होता १९६३ चा वकिलातींच्या संबंधांबाबतचा व्हिएन्ना करार, त्यातलं ३६ वं कलम. परदेशी माणसाला पकडलं, की त्याला विलंब न लावता सांगायचं: तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे. त्याने मागणी केली तर कळवायचं. आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटण्याचा, बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठी वकील उभा करण्याचा हक्क द्यायचा. शेवटचे शब्द लक्षात ठेवा, पुढे त्यांच्यावरच सगळं अडलं.

पाकिस्तानचे बचाव तीन-चार होते. हेराला हे कलम लागू नाही. न्यायालयाने कराराचा मजकूर आणि तो घडतानाच्या चर्चा तपासून सांगितलं, की असा अपवाद कुठेच नाही. दुसरा बचाव २००८ च्या भारत-पाकिस्तान कराराचा. त्यात राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणाने झालेल्या अटकेत प्रत्येक देश प्रकरणाच्या गुणदोषांवर विचार करील असं एक कलम आहे. न्यायालय म्हणालं, त्याने व्हिएन्ना कराराचा हक्क पुसला जात नाही. तिसरा, भारताने तपासात मदत केली नाही. उत्तर: तुमचं कर्तव्य दुसऱ्याच्या वागण्यावर टांगलेलं नाही. तीन आठवडे उशिरा कळवणं म्हणजेही भंग, हेही निकालात आलं.

१७ जुलै २०१९ चा हा निकाल १५ विरुद्ध १ असा लागला. विरोधातलं एकमेव मत पाकिस्तानने या खटल्यापुरते नेमलेले न्यायमूर्ती तसद्दुक हुसेन जिलानी यांचं. आपल्याकडे त्या संध्याकाळी विजयाचा जल्लोष झाला. पाकिस्तानातही विजयाचे दावे झाले, आणि त्यालाही कारण होतं. भारताने मागितलं होतं शिक्षा रद्द करणं, सुटका, मायदेशी पाठवणी. यातलं काहीच मिळालं नाही. मिळालं ते असं: ताबडतोब वकिलातीची भेट द्या, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, त्यासाठी लागला तर कायदा करा; तोवर फाशी स्थगित. फेरविचाराची पद्धत पाकिस्तानने ठरवायची.

खटला न्याय्य होता का, यावर हेगने थेट मत दिलंच नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं न्याय्य खटल्याचं १४ वं कलम भारताने पुढे केलं होतं. पण न्यायालयाचा अधिकार इथे फक्त व्हिएन्ना करारापुरता होता, कारण दोन्ही देशांनी त्या न्यायालयाकडे यायचं कबूल केलं होतं ते त्याच कराराच्या जोडपत्रात. वाद त्या एका फटीतून आत शिरला, म्हणून निकालही तेवढ्याच फटीतून बाहेर आला. फेरविचार करताना मात्र न्याय्य खटल्याची तत्त्वं सर्वांत महत्त्वाची आहेत, आणि भेट न मिळाल्याने पुराव्यावर आणि बचावावर काय परिणाम झाला ते तपासलंच पाहिजे, एवढं न्यायालयाने स्पष्ट लिहिलं.

"परिणामकारक फेरविचार" हे शब्द पहिल्यांदा जाधवांसाठी योजलेले नाहीत. अमेरिकेने लाग्रांड नावाच्या दोन जर्मन भावांना असंच न कळवता शिक्षा केली होती. त्यातल्या मोठ्याच्या फाशीला स्थगिती द्या असा हेगचा आदेश ३ मार्च १९९९ ला आला आणि त्याच दिवशी ॲरिझोनात मोठ्याला, ज्याच्यासाठी तो आदेश होता त्यालाच, मृत्युदंड दिला गेला. दुसरा भाऊ आठवडाभर आधीच गेला होता. २००४ मध्ये मेक्सिकोच्या ५१ नागरिकांच्या प्रकरणात फेरविचाराचा आदेश झाला, आणि त्यातल्या एकाला टेक्सासने २००८ मध्ये तरीही मृत्युदंड दिला. अमेरिकेसारखा देश हे करतो, तेव्हा हेगच्या निकालात किती ताकद आहे याचा अंदाज येतो. तुलनेने पाकिस्तानने फाशी थांबवली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

दोन मुंबईकर प्रकरणं

जाधवांचं प्रकरण दोन देशांच्या वैरात गुरफटलेलं, त्यामुळे ते अपवाद वाटतं. म्हणून मुंबईतलीच आणखी दोन उदाहरणं शेजारी ठेवतो.

वर्सोव्याचा एक तरुण अभियंता २०१२ मध्ये एका मुलीला भेटायच्या ओढीने अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानात शिरला आणि नाहीसा झाला. त्याची आई इथून पेशावर उच्च न्यायालयात अर्ज करत राहिली: माझा मुलगा कुठे आहे ते सांगा. २०१६ च्या सुरुवातीला उत्तर आलं, तो लष्कराच्या ताब्यात आहे. तोवर लष्करी न्यायालयाने त्याला हेरगिरीत दोषी ठरवून तीन वर्षांची शिक्षाही दिली होती. घरच्यांना पत्ता लागण्याआधीच निकाल लागलेला. डिसेंबर २०१८ मध्ये तो वाघा सीमेवरून परत आला.

दुसरं प्रकरण कतारचं. जुलै २०१९ मध्ये मुंबईचं एक तरुण जोडपं दोह्याला उतरलं. एका नातेवाईक बाईने ही सहल भेट दिली होती आणि कुणाला तरी द्यायला म्हणून एक पुडकं सोबत दिलं होतं. त्यात चार किलोहून जास्त चरस निघालं. प्रत्येकी दहा वर्षं. पत्नी गरोदर होती, मुलगी तुरुंगातच जन्मली. इथे मात्र गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. पत्नीच्या वडिलांनी मुंबईतून अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे तक्रार केली, विभागाने तपास करून या दोघांना फसवलं गेल्याचं शोधलं, आणि तो सगळा मजकूर राजनैतिक मार्गाने कतारच्या वरिष्ठ न्यायालयापुढे पोहोचला. फेरसुनावणी झाली, मार्च २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटले आणि एप्रिलमध्ये बाळाला घेऊन घरी आले.

कतारचा कायदा पाकिस्तानपेक्षा सौम्य होता म्हणून हे झालं नाही. आरोपी आणि त्याचा देश यांच्यामध्ये बोलणं चालू होतं, म्हणून झालं. निर्दोषपणाचा पुरावा मुंबईत पडलेला होता, आणि तो दोह्यापर्यंत नेणारा रस्ता उघडा होता. परदेशातल्या खटल्यात बहुतेक वेळा असंच असतं: पुरावा एका देशात, कोर्ट दुसऱ्या देशात, आणि आरोपी कोठडीत. वकिलातीची भेट हा तो रस्ता. तो बंद करून चालवलेला खटला उद्या खरा निघाला, तरी खरा आहे हे कळायचं कसं?

परदेशी तुरुंगांत दहा हजारांहून अधिक भारतीय आहेत, त्यात सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत सर्वाधिक. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी घरांचा एक पाय आखातात असतो, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट इथेच लिहून ठेवतो. वकिलातीला कळवण्याचा हक्क आरोपीने मागितल्यावर जागा होतो. अटक झाल्यावर कुठल्याही कागदावर सही करण्याआधी "माझ्या वकिलातीला कळवा" एवढं एक वाक्य म्हणायचं आणि ते नोंदवायला लावायचं. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकून तिचा क्रमांक जपून ठेवायचा. पैसे नसतील तर वकिलातींकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून वकिलाचा खर्च मागता येतो.

एका सहीची गोष्ट

आता पुन्हा इस्लामाबाद. हेगच्या निकालानंतर २ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय अधिकारी जाधवांना पहिल्यांदा भेटले. अटकेला साडेतीन वर्षं आणि फाशीच्या शिक्षेला दोन वर्षं उलटून गेल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. जाधव प्रचंड दबावाखाली दिसले, असं परराष्ट्र मंत्रालयाने त्या दिवशी कळवलं.

२० मे २०२० ला पाकिस्तानने फेरविचारासाठी अध्यादेश काढला. साठ दिवसांत इस्लामाबाद उच्च न्यायालयात अर्ज करायचा. आरोपीने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा वकिलातीच्या अधिकाऱ्याने. कागदावर चांगली तरतूद होती. जूनमध्ये, पाकिस्तानच्या सांगण्यानुसार, जाधवांनी फेरविचाराचा अर्ज करायला नकार दिला आणि आधीचा दयेचा अर्जच पुढे चालवायचं ठरवलं. ज्या माणसाला चार वर्षांत स्वतःचा वकील दिसलेला नाही, त्याचा हा नकार कुणासमोर, कोणत्या भाषेत, काय समजून दिलेला होता?

भारताने कागदपत्रं मागितली. उत्तर आलं, ती फक्त पाकिस्तानात वकिलीचा परवाना असलेल्या वकिलालाच देता येतील. भारताने तिथला वकील नेमला. तो गेला, तर त्यालाही कागद दिले नाहीत. मुदत संपत आली तेव्हा, १६ जुलैला, दुसरी भेट ठरली. अधिकाऱ्यांना एकच काम करायचं होतं: जाधवांकडून वकील नेमण्यासाठी लेखी संमती घ्यायची. आपल्याकडे कोर्टाच्या आवारात टपरीवर चहा पिता पिता माणूस वकीलपत्रावर सही करतो, तेवढंच काम. पण भेटीत पाकिस्तानी अधिकारी तिथून हललेच नाहीत, बोलणं टिपणारा कॅमेरा समोर होता, आणि कागद पलीकडे देऊ दिला नाही. भारतीय अधिकारी निषेध नोंदवून बाहेर पडले. दोन दिवसांनी अर्ज दाखल करायचा प्रयत्न झाला, तर अडलं कशावर? वकीलपत्र नाही, सोबतचे कागद नाहीत.

मग पाकिस्तान सरकारनेच उच्च न्यायालयाकडे अर्ज केला, की जाधवांसाठी वकील नेमा. न्यायालयाने भारताला पुन्हा संधी द्यायला सांगितलं. भारताने भारतीय वकील किंवा ब्रिटनचा क्वीन्स कौन्सेल, म्हणजे तिथला ज्येष्ठ वकील, चालेल का विचारलं. पाकिस्तानने नकार दिला. अध्यादेशाचा कायदा नोव्हेंबर २०२१ मध्ये संसदेत मंजूर झाला. व्हिएन्ना करारातले ते शेवटचे शब्द, वकील उभा करण्याचा हक्क, कायद्यात आले, न्यायालयाच्या आदेशांत आले, दोन्ही सरकारांच्या पत्रव्यवहारात आले. जाधवांची सही असलेलं वकीलपत्र मात्र भारताच्या हाती आलं नाही.